‘सर्व्हेत नाव नाही’ : उमेदवार ठरवणाऱ्या चाचण्यांची चाचणी

(वैजापूर येथे दिलेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)



एक वाक्य सांगतो. ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ‘तुमचं काम चांगलं आहे हो, पण सर्व्हेत नाव नाही.’ तिकीट मागायला मुंबईला गेलेला इच्छुक हे वाक्य घेऊन गावाकडं परत येतो. त्यानं तो सर्व्हे पाहिलेला नसतो. कोणी केला, कधी केला, किती माणसांना विचारलं, काय विचारलं, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. तरी त्या न पाहिलेल्या कागदावर त्याची पाच-दहा वर्षांची मेहनत निकालात निघालेली असते. आणि आपण मतदारही म्हणतो, ‘बरोबर आहे, सर्व्हेत नसेल तर काय करणार?’ आज मला या कागदाबद्दल बोलायचं आहे.

आधी एक फरक स्पष्ट करू. चाचण्या दोन तऱ्हेच्या असतात. पहिली टीव्हीवर दिसते. कोणत्या पक्षाला किती जागा, हे ती सांगते. ती चुकली तर चुकली हे आपल्याला कळतं. २०२४च्या लोकसभेला बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी महाराष्ट्रात महायुतीला पुढं दाखवलं होतं. निकाल काय लागला? महाविकास आघाडी ३०, महायुती १७ आणि सांगलीत एक अपक्ष. सहा महिन्यांत विधानसभा आली. महायुती पुढं राहील असं बऱ्याच जणांनी सांगितलं, पण भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१ एवढी मोठी मजल फार थोड्यांना दिसली. आपण त्यांना हसलो, नावं ठेवली. हे चांगलंच आहे. मोजणीच्या दिवशी या चाचणीची परीक्षा होते आणि ती सगळ्यांसमोर होते.

दुसरी चाचणी उमेदवार ठरायच्या आधीची. ती टीव्हीवर येत नाही. या मतदारसंघात आपल्याकडून कोणाला उभं करावं, हा तिचा प्रश्न. माझं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे : या दुसऱ्या चाचणीनं आपल्याकडं निवडणुकीचीच जागा घेतली आहे. मत मोजण्याचं साधन म्हणून ती आली आणि आता तीच मत देऊ लागली आहे. वर तिच्या मतपत्रिका कोणालाही बघायला मिळत नाहीत.

अमेरिकेत काय होतं

थोडं लांब जाऊन येऊ, म्हणजे जवळचं नीट दिसेल. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दोन टप्प्यांत होते. आधी पक्षांतर्गत निवडणूक, तिला तिकडं ‘प्रायमरी’ म्हणतात. पक्षाचा उमेदवार कोण, हे राज्याराज्यांत सामान्य मतदार मत देऊन ठरवतात. त्याच्याही आधी वर्षभर जनमत चाचण्यांचा पाऊस पडत असतो.

त्या चाचण्या किती खऱ्या ठरतात? २००७ साल घ्या. रिपब्लिकन पक्षात जवळजवळ वर्षभर देशपातळीवरच्या चाचण्यांत रुडी जुलियानी पुढं होते. न्यूयॉर्कचे माजी महापौर, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर घराघरांत पोचलेलं नाव. प्रत्यक्ष मतदान सुरू झालं आणि त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही. जानेवारी २००८ संपायच्या आतच ते बाहेर पडले. उमेदवारी मॅकेन यांना मिळाली. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षात बराच काळ हिलरी क्लिंटन पुढं होत्या, उमेदवार झाले बराक ओबामा. आणि उलटंही झालं. ८ जानेवारी २००८ला न्यू हॅम्पशायर राज्यात ओबामा जिंकणार असं चाचण्या एकमुखानं सांगत होत्या, तिथं क्लिंटन जिंकल्या. तिथल्या चाचणी करणाऱ्यांच्या संघटनेनं याची चौकशी केली, चुका कुठं झाल्या असतील याचा अहवाल काढला. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढं लागणार आहे.

लवकर घेतलेली चाचणी लोकांचा कौल फारसा मोजत नाही, ती नावाची ओळख मोजते. ‘यातलं कोणतं नाव ऐकलंय?’ एवढंच तिचं खरं उत्तर असतं. जुलियानींचं नाव सगळ्यांना माहीत होतं, ओबामांचं व्हायचं होतं.

चाचण्यांचा अतिरेक तिकडंही झालाच आहे. ६ ऑगस्ट २०१५ला रिपब्लिकन इच्छुकांचा पहिला मोठा वादविवाद टीव्हीवर झाला. इच्छुक १७. मुख्य मंचावर कोण बसणार, हे चाचण्यांच्या सरासरीवर ठरवलं. पहिले दहा मुख्य मंचावर, बाकीचे आधीच्या वेगळ्या कार्यक्रमात. म्हणजे ज्याची ओळख कमी, त्याला ओळख वाढवायची संधीही कमी. तिथंही चाचणी दारात उभी राहून कोणाला आत सोडायचं ते ठरवू लागली. पण तिकडं एक गोष्ट शिल्लक होती. शेवटी मतदार मतदान केंद्रावर गेला आणि त्यानं चाचणीला मान्यता दिली किंवा ती उधळून लावली. शिवाय चाचण्यांचे आकडे सगळ्यांसमोर होते.

आपल्याकडचा एक विसरलेला प्रयोग

आपल्याकडं प्रायमरी झालीच नाही असं नाही. २०१४च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहानं काँग्रेसनं देशातल्या काही मोजक्या मतदारसंघांत उमेदवार निवडण्यासाठी पक्षांतर्गत मतदान घेतलं. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. म्हणजे आपल्या मराठवाड्यात हा प्रयोग झालेला आहे. लातूरला दत्तात्रय बनसोडे, वर्ध्याला सागर मेघे निवडले गेले. दोघेही पुढं मोदी लाटेत हरले.

त्यात दोष होतेच. मतदान सामान्य मतदारांचं नव्हतं, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांचं आणि कार्यकर्त्यांचं होतं. पण मतं मोजली गेली, निकाल जाहीर झाला, हरलेल्याला आपण कितीनं हरलो हे कळलं. पुढं तो प्रयोग गुंडाळला गेला.

त्याच्या जागी काय आलं? सर्व्हे. आणि हे वेष बदलूनही येतं. जानेवारी २०२२मध्ये पंजाबात आम आदमी पक्षानं मुख्यमंत्रिपदाचा चेहरा कोण हे लोकांना फोनवरून विचारलं. २१ लाखांहून अधिक प्रतिसाद आले, त्यातले ९३ टक्के भगवंत मान यांना, असं पक्षानं जाहीर केलं. मान पुढं मुख्यमंत्री झाले, त्याबद्दल वाद नाही. पण फोन करणारा कोण? ज्याला करायचा होता तो. एवढे प्रतिसाद आले म्हणून चाचणी भक्कम होत नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडं वीस लाखांच्या वर उत्तरं आली होती आणि त्यावरून त्यांनी रूझवेल्ट हरणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. त्याच वेळी गॅलप यांनी त्यामानानं अगदी थोड्या पण नीट निवडलेल्या माणसांना विचारून बरोबर दिशा सांगितली. किती जणांना विचारलं याला महत्त्व आहेच, पण कोणाला विचारलं हे त्याच्या आधी येतं.

थोडं गणित

आता वैजापूरवर येतो. आपला मतदारसंघ म्हणजे वैजापूर तालुका आणि गंगापूरचा काही भाग. मतदार तीन लाखांवर.

एखाद्या पक्षानं सांगितलं, ‘आम्ही राज्यभर एक लाख लोकांचा सर्व्हे केला.’ ऐकायला केवढं मोठं वाटतं! एक लाख भागिले २८८. एका मतदारसंघाला साडेतीनशेच्या आत माणसं येतात. नमुना अगदी आदर्श पद्धतीनं निवडला, कोणी खोटं बोललं नाही, तरी एवढ्या नमुन्यात प्रत्येक टक्केवारी पाच टक्के इकडं किंवा तिकडं असू शकते. हा संख्याशास्त्राचा नियम आहे, त्यात कोणाची लबाडी नाही.

आता समजा चारशे माणसांना विचारलं. पहिल्या इच्छुकाला ३४ टक्के, दुसऱ्याला ३०. वर निरोप गेला, ‘पहिला चारनं पुढं.’ पण दोघांमधल्या फरकाला जी चूक लागू होते, ती जवळजवळ आठ टक्क्यांची असते. म्हणजे चारशेच्या नमुन्यात चार टक्क्यांची आघाडी ही आघाडी म्हणताच येत नाही. दुसरा पुढं असण्याची शक्यताही त्यात पोटात आहे. प्रामाणिक माणूस म्हणेल, ‘या दोघांत फरक सापडला नाही, तुमचं तुम्ही ठरवा.’ पण असा सर्व्हे कोण विकत घेणार?

आपल्या लोकसभा मतदारसंघाची आठवण करून देतो. २०१९ला चंद्रकांत खैरे, चार वेळचे खासदार, इम्तियाज जलील यांच्याकडून हरले. फरक ४,४९२ मतांचा, सुमारे बारा लाख मतदानात. म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि हर्षवर्धन जाधव यांनी अपक्ष उभं राहून दोन लाख ८३ हजार मतं घेतली. असा निकाल आधी मोजू शकेल असा सर्व्हे जगात कुठं नाही.

कोणाला विचारलं?

गणित सोडा, जमिनीवर या. सर्व्हेवाली पोरं येतात कुठं? डांबरी रस्त्यावरच्या गावात. शिऊर, खंडाळा, महालगाव, गावात स्टँडवर, पारावर. आपल्या तालुक्यात किती कुटुंबं गावठाणात राहतच नाहीत, शेतात वस्तीवर राहतात! गंगथडीच्या वस्त्यांवर टॅब घेऊन कोण जाणार? दिवसा अकरा वाजता आले तर बाया कांदा लावायला नाहीतर खुरपणीला गेलेल्या. पोरं वाळूजच्या कंपनीत पाळीवर. दिवाळीनंतर आले तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं कारखान्याच्या तळावर. मग घरी सापडतं कोण? पारावर बसलेले पुढारी, दुकानदार आणि आमच्यासारखे पेन्शनर.

आणि विचारताना शेजारी कोण उभं असतं? गावात अनोळखी माणूस टॅब घेऊन आला की दहा मिनिटांत कोणाचा तरी कार्यकर्ता तिथं हजर. त्याच्यासमोर मजूर काय सांगणार? ‘तुम्ही म्हणाल तो, भाऊ.’ टॅबवर एक बोट पडतं आणि ते जनमत होतं.

फोनवरचा सर्व्हे? ‘अमुक यांच्यासाठी एक दाबा, तमुक यांच्यासाठी दोन दाबा.’ घरात फोन कोणाच्या खिशात असतो, हे मी सांगायला नको. ज्या बाईचं मत मोजायचं, तिच्यापर्यंत तो आवाज पोचतच नाही. आणि व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या ‘आपला भावी आमदार कोण’ या लिंकांबद्दल तर बोलायलाच नको. तिथं एक माणूस दहा वेळा मत देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचं बॅनर लागतं, ‘जनतेचा कौल’.

प्रश्न बदलला की उत्तर बदलतं

आता सगळ्यात मोठी अडचण. सर्व्हे नावाबद्दल विचारतो, पण लढत कोणाकोणात होणार हे त्या दिवशी ठरलेलंच नसतं. २०१४ आठवा. २५ सप्टेंबरला युती तुटली आणि त्याच दिवशी आघाडीही तुटली. १५ ऑक्टोबरला मतदान. ऑगस्टमध्ये ज्यानं कोणी वैजापुरात सर्व्हे केला असेल, त्यानं अशा लढतीबद्दल विचारलं की जी झालीच नाही. त्या चौरंगी सामन्यात राष्ट्रवादीचे भाऊसाहेब पाटील चिकटगावकर निवडून आले. २०१९ला पुन्हा युती, शिवसेनेचे रमेश बोरनारे आले. २०२४पर्यंत शिवसेना दोन, राष्ट्रवादी दोन. डॉ. दिनेश परदेशी निवडणुकीच्या तोंडावर भाजपमधून ठाकऱ्यांच्या शिवसेनेत गेले आणि मशाल घेऊन उभे राहिले. बोरनारे शिंद्यांच्या शिवसेनेकडून पुन्हा जिंकले. मला सांगा, सहा महिने आधी कोणत्या नावापुढं कोणतं चिन्ह लावून प्रश्न विचारायचा होता?

जो कधी चुकत नाही

उमेदवारीच्या सर्व्हेचा खरा दोष आता सांगतो. तो कधीच खोटा पडू शकत नाही. ज्याचं तिकीट कापलं, तो उभाच राहत नाही. मग तो हरला असता की जिंकला असता, हे कसं कळणार? आणि ज्याला दिलं तो हरला, तर उत्तर तयार : ‘दुसरा याहून जास्त मतांनी हरला असता.’

२०२४ची लोकसभा बघा. हिंगोलीत शिंद्यांच्या शिवसेनेनं विद्यमान खासदार हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर केली आणि काही दिवसांतच ती बदलून बाबुराव कदम कोहळीकर यांना दिली. यवतमाळ-वाशीममध्ये पाच वेळच्या खासदार भावना गवळी यांच्याऐवजी राजश्री पाटील. रामटेकमध्ये दोन वेळचे खासदार कृपाल तुमाने यांच्याऐवजी काँग्रेसमधून आलेले राजू पारवे. त्या दिवसांतल्या बातम्या आणि नेत्यांची वक्तव्यं काढून बघा, मित्रपक्षाच्या सर्व्हेचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. निकाल? तिन्ही जागा गेल्या. हिंगोलीत नागेश पाटील आष्टीकर, यवतमाळ-वाशीममध्ये संजय देशमुख, रामटेकमध्ये श्यामकुमार बर्वे.

यावरून ‘जुने उमेदवार असते तर जिंकले असते’ असं मी म्हणणार नाही. तेही हरले असते कदाचित. माझा मुद्दा वेगळा आहे. हे तीन सर्व्हे बरोबर होते की चूक, हे तपासायची सोयच नाही, कारण आकडे कोणी मांडलेच नाहीत. न्यू हॅम्पशायरची चाचणी चुकली तेव्हा चौकशी होऊ शकली, कारण कागद समोर होता. इथं चौकशी कशाची करणार?

मग हा सर्व्हे कोणाच्या कामाचा? ज्याला ‘नाही’ म्हणायचं आहे पण आपल्या तोंडानं म्हणायचं नाही, त्याच्या. पूर्वी नेता सांगायचा, ‘मी तुला तिकीट देत नाही.’ कार्यकर्ता भांडायचा, बंड करायचा, नेत्याला त्याची किंमत मोजावी लागायची. आता नेता हात वर करतो, ‘माझी फार इच्छा होती, पण सर्व्हे.’ निर्णय त्याचाच असतो, जबाबदारी मात्र तो जनतेच्या अंगावर ढकलतो, आणि त्या जनतेला कोणी विचारलेलं असतं की नाही हेही आपल्याला माहीत नसतं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्व्हे यायच्या आधी फार न्याय होता असं नाही. दिल्लीचे निरीक्षक यायचे, बंगल्यावर उतरायचे, घराणं आणि पैसा बघून नावं जायची. प्रामाणिक सर्व्हे झाला तर घराणं नसलेल्या चांगल्या माणसाचं नाव वर येऊ शकतं. म्हणून सर्व्हे बंद करा असं मी म्हणत नाही. तो उघडा करा, एवढंच म्हणतो.

कायदा कुठं आहे

लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२६-अ मतदानोत्तर चाचणीवर मतदान संपेपर्यंत बंदी घालतं, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मतदानाआधीची जनमत चाचणी शेवटच्या ४८ तासांत दाखवता येत नाही. पक्षांतर्गत सर्व्हेबद्दल कायदा गप्प आहे.

पण एक धागा सापडतो. १३ फेब्रुवारी २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की गुन्हे प्रलंबित असलेल्या माणसाला पक्षानं उमेदवारी दिली तर ती का दिली, याची कारणं प्रसिद्ध करावी. ती कारणं त्याची पात्रता, काम आणि गुणवत्ता यांना धरून असावीत, नुसती निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही. आपल्या पुढाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर ‘इलेक्टिव्ह मेरिट’ हे पुरेसं कारण नाही. सर्व्हे मोजतो ते नेमकं हेच. गुन्हे असलेल्या उमेदवाराला घेताना कारण द्यावं लागतं, तर गुन्हा नसलेल्या कार्यकर्त्याला कापताना का नको?

पक्षांकडं पाच गोष्टी मागा. सर्व्हे कोणी केला आणि पैसे कोणी दिले? कोणत्या तारखांना केला? किती माणसांना विचारलं, त्यात बाया किती? ती माणसं कशी निवडली? आणि शब्दशः प्रश्न काय होता? पत्रकार मित्र इथं बसले आहेत. ‘सर्व्हेत अमुक आघाडीवर’ ही बातमी आली की या पाचांपैकी किती उत्तरं आहेत ते बघा. एकही नसेल तर ती बातमी नाही, ती इच्छुकाची जाहिरात आहे. जाहिरातीच्या जागेत, जाहिरातीच्या दरानं छापा.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

*एका तरुणानं विचारलं : सर, उद्या माझ्या दारात सर्व्हेवाला आला तर उत्तर द्यावं की देऊ नये?*

द्या, पण आधी तुम्ही त्याला विचारा. कोणासाठी करताय? हा आकडा जाहीर होणार का? शेजारी कोणी कार्यकर्ता उभा असेल तर म्हणा, एकट्याला सांगतो. आणि घरातल्या बाईला बोलवा, म्हणा हिलाही विचारा, माझ्यामागून नको, वेगळं विचारा.

*दुसरा प्रश्न : लातूरसारखं पक्षांतर्गत मतदान पुन्हा सुरू झालं तर पैशाचा खेळ होणार नाही का?*

होईल. ग्रामपंचायतीला होतो, सोसायटीला होतो, तिथंही होईल. पण तिथं हरलेल्या माणसाला आपली मतं मोजता येतील, हरकत घेता येईल, फेरमोजणी मागता येईल. आज ज्याला ‘सर्व्हेत नाव नाही’ असं सांगितलं जातं, त्यानं हरकत कुठं घ्यायची? त्याला मोजणीच्या खोलीचा पत्तासुद्धा माहीत नाही. तो पत्ता मागायला सुरुवात तरी करू या. इच्छुकांनी मागावा, कार्यकर्त्यांनी मागावा, आणि ज्यांच्या नावानं हे सगळं चालतं त्या मतदारांनी तर आधी मागावा.